क्लेप आणि मॉडर्न स्टेट्स: जवळजवळ फुकटचं कॉलेज क्रेडिट, पण कुणाच्या कामाचं?

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट (डिग्रीत मोजले जाणारे गुणांक) मिळवायचे मुख्य रस्ते तीन: एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेज पातळीचा विषय आणि त्याची परीक्षा), ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स करणं) आणि क्लेप (कोर्स न करता थेट परीक्षा देऊन क्रेडिट). एपीबद्दल न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मराठी घरांत आठवीतच बोलणं सुरू होतं. ड्युअल एनरोलमेंटची माहिती शाळाच देते. क्लेपचं नाव मात्र क्वचित निघतं. ही परीक्षा शाळेत होत नाही आणि बहुतेक ठिकाणी ती शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरही (विषय आणि ग्रेडच्या अधिकृत नोंदीवरही) येत नाही, मग काउन्सेलरने तरी आपणहून विषय का काढावा? तिच्या जोडीचं मॉडर्न स्टेट्स, म्हणजे क्लेपची मोफत तयारी करून देणारी संस्था, तर त्याहून अपरिचित. हा आढावा या जोडीचा. स्वस्ताईत आणि सोयीत ती बहुतेक ठिकाणी बाकी दोघांना मागे टाकते. पण तिचं क्रेडिट सगळीकडे चालत नाही, आणि चालतं तिथेही दर वेळी डिग्रीच्या कामी येतंच असं नाही.

क्लेप ही कॉलेज बोर्डाची परीक्षा, म्हणजे एसएटी आणि एपी घेणारी संस्था तीच. १९६७पासून चालू आहे. सध्या ३४ विषय आहेत: कॉलेज अल्जिब्रा, कॅल्क्युलस, बायॉलॉजी, केमिस्ट्री, अमेरिकन गव्हर्न्मेंट, सायकॉलॉजी, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, मार्केटिंग, फायनान्शियल अकाउंटिंग वगैरे. भाषांमध्ये फक्त फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. मराठी किंवा हिंदी नाही (एपीतही नाही), त्यामुळे मराठी शाळेत घालवलेल्या रविवारांचा इथे काही उपयोग नाही. बहुतेक पेपर दीड तासाचे, संगणकावर, पर्यायी उत्तरांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पेपर संपला की गुण तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसतात. निबंध असलेल्या कॉलेज कॉम्पोझिशनसाठी तेवढं थांबावं लागतं.

गुणांची पट्टी २० ते ८०. यातले ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हेत. तोच कोर्स कॉलेजात करून ‘सी’ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोडीची तयारी, असा त्याचा अर्थ, आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे की ५०ला क्रेडिट द्यावं. पण ती फक्त शिफारस आहे. विद्यापीठ आपली अट वर नेऊ शकतं, आणि काही नेतातही. भाषांना दोन पायऱ्या आहेत: स्पॅनिशमध्ये ५०ला पहिल्या पातळीचं क्रेडिट, ६३ला दुसऱ्या पातळीचं. शाळेत चार वर्षं स्पॅनिश केलेल्या मुलाने ही एकच परीक्षा नीट दिली तर दोन-तीन सेमिस्टरची भाषेची अट एका दुपारी निकालात निघू शकते. सगळ्या यादीत वेळेच्या मानाने सर्वांत जास्त पदरात टाकणारी परीक्षा हीच, आणि तिच्याकडेच सहसा दुर्लक्ष होतं.

आता पैसे. कॉलेज बोर्डाची फी शंभर डॉलरच्या थोडी आत असते. त्याशिवाय परीक्षा केंद्र स्वतःची वेगळी फी घेतं, साधारण २० ते ४० डॉलर. मॉडर्न स्टेट्स ही स्टीव्हन क्लिन्स्की या गुंतवणूकदाराने काढलेली ना-नफा संस्था. २०१७पासून ती ‘फ्रेशमन इयर फॉर फ्री’ नावाचा उपक्रम चालवते: जवळजवळ प्रत्येक क्लेप विषयाचा ऑनलाइन कोर्स मोफत, आणि तो पुरा केला की कॉलेज बोर्डाची फी भरून टाकणारं व्हाउचरही मोफत. उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तीन क्रेडिट ३० डॉलरच्या आसपास पडतात. तुलनेसाठी, कॅलिफोर्नियाचं कम्युनिटी कॉलेज राज्यातल्या विद्यार्थ्याकडून युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर घेतं, तीन युनिटचे १३८, आणि स्वस्तात स्वस्त कॉलेजांत त्याची गणना होते. केंद्राची फी परत मिळण्याबाबतचे मॉडर्न स्टेट्सचे नियम मात्र बदलत आले आहेत. ते परीक्षेआधी वाचायचे, आणि पावती जपून ठेवायची.

प्रक्रिया अवघड नाही, पण ती तीन वेगवेगळ्या दारांतून जाते आणि घोटाळे होतात ते या दारांच्या मध्ये.

पहिलं दार मॉडर्न स्टेट्सचं. खातं उघडा, विषय निवडा, व्हिडिओ पाहा, प्रत्येक भागाखालचे सराव प्रश्न सोडवा. एकूण ७५ टक्क्यांच्या वर गेलात की प्रगतीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून व्हाउचर मागायचं. ते लगेच येत नाही, काही दिवस धरून चाला. परीक्षा पुढच्या आठवड्यात असताना व्हाउचर मागितलं की धावपळ ठरलेलीच.

दुसरं दार कॉलेज बोर्डाच्या क्लेप खात्याचं. तिथे व्हाउचरचा कोड टाकून नोंदणी करायची आणि तिकीट छापून घ्यायचं. नोंदणीच्या वेळीच एका कॉलेजाला गुण मोफत पाठवता येतात, नंतर पाठवायचे तर पैसे पडतात. बारावीतल्या, कॉलेज ठरलेल्या मुलाने ही सोय घ्यावी. नववी-दहावीतल्याने रिकामी सोडली तरी बिघडत नाही, कारण गुण कॉलेज बोर्डाकडे २० वर्षं राहतात.

इथे नावाचा घोळ होतो, आणि तो आपल्या मुलांचा खास आहे. मराठी नावात वडिलांचं नाव मधे येतं. पासपोर्टवर ते दिलेल्या नावाला चिकटलेलं असतं, शाळेत गाळलेलं असतं, आणि कॉलेज बोर्डाच्या खात्यात शाळेतलं नाव जातं. केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणी यांचं नाव जुळलं पाहिजे. ओळखपत्र फोटो आणि सही असलेलं लागतं. एच-४वरच्या (आई-वडिलांच्या एच-१बी कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावरच्या) मुलाकडे बहुधा भारतीय पासपोर्ट हेच एकमेव धड ओळखपत्र असतं, आणि लहानपणी काढलेल्या पासपोर्टवर त्याची सही असेलच असं नाही. हे दोन्ही आधी तपासा.

तिसरं दार केंद्राचं. कॉलेज बोर्डाकडे नोंदणी झाली म्हणजे जागा राखली गेली, अशी समजूत सर्रास होते. जागा राखली जात नाही. कम्युनिटी कॉलेज किंवा विद्यापीठाच्या टेस्टिंग सेंटरकडे वेगळी वेळ घ्यावी लागते. काही केंद्रं फक्त स्वतःच्या विद्यार्थ्यांना बसू देतात, काही आठवड्यातून एखाद दिवसच क्लेप घेतात, आणि सेमिस्टरअखेरच्या परीक्षांत बरीचशी भरलेली असतात. घरून परीक्षा द्यायचा पर्याय आहे, त्याची देखरेखीची फी वेगळी. बंद खोली, कॅमेऱ्यातून खोलीची झडती, आणि मधे कुणी डोकावलं की परीक्षा धोक्यात. आजी-आजोबा सुट्टीला आलेले असतील तर सरळ केंद्र गाठावं.

मॉडर्न स्टेट्सच्या कोर्सबद्दल मत मिश्र आहे. व्हिडिओ प्राध्यापकांचे आहेत, सोबत मोफत पाठ्यपुस्तकांचे दुवे असतात, आणि सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, मार्केटिंग, मॅनेजमेंटसारख्या विषयांना ते चांगले पुरतात. तिथे संज्ञा आणि संकल्पना पाठ असल्या की काम होतं. गणित आणि विज्ञानात पुरत नाहीत. व्याख्यान ऐकून कॅल्क्युलस येत नाही, ते हाताने शेकडो गणितं सोडवून येतं, आणि सराव प्रश्नांची तेवढी रसद इथे नाही. शिवाय ७५ टक्क्यांची अट व्हाउचरसाठी आहे. ती पार झाली म्हणजे परीक्षेची तयारी झाली, असं धरणारी मुलं ४५-४८वर अडकतात.

त्यावर उपाय कोर्सच्या बाहेर आहे. कॉलेज बोर्डाच्या अधिकृत मार्गदर्शकातली चाचणी घड्याळ लावून द्यायची. बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर पीटरसन्स या प्रकाशकाच्या क्लेप सराव चाचण्या मोफत मिळतात, त्या सोडवायच्या. वेळेचं गणित विषयागणिक वेगळं आहे: बायॉलॉजीत ९० मिनिटांत साधारण ११५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिटाच्या आसपास, तर कॉलेज अल्जिब्रात तेवढ्याच वेळात ६०. बायॉलॉजीत रुंदी हवी, खोली कमी चालते. वनस्पतिशास्त्र आणि परिसंस्था हे भाग शाळेत घाईत उरकलेले असतात आणि मुलं तिथेच गुण गमावतात. कॅल्क्युलसचा पहिला भाग कॅल्क्युलेटरशिवाय असतो. आपला कॅल्क्युलेटर न्यायचा नाही, स्क्रीनवरचाच वापरायचा, आणि त्याची सवय घरी करून जायची. माउसने आकडे टिपण्यात जाणारा वेळ मुलांच्या हिशेबात नसतो.

आता मुख्य प्रश्न: हे क्रेडिट घेतंय कोण? कॉलेज बोर्डाच्या सांगण्याप्रमाणे २,९०० हून अधिक कॉलेजं क्लेप स्वीकारतात. आकडा खरा आहे, पण तुमच्या मुलाच्या यादीतलं कॉलेज त्यात आहे का, एवढंच तुमच्या कामाचं. कॅलिफोर्नियात हा फरक सगळ्यांत ठळक दिसतो. कॅल स्टेट विद्यापीठं क्लेप घेतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), म्हणजे बर्कली, लॉस एंजलिस, सॅन डिएगो, डेव्हिस वगैरे, क्लेपला क्रेडिट देत नाही. एपीला मात्र पाचपैकी ३ गुणांपासून युनिट देते. ज्या घरात लक्ष्य यूसीच आहे तिथे क्लेपवर उन्हाळा घालवणं म्हणजे निव्वळ हौस. एमआयटीही क्लेप मानत नाही. ब्राउन, डार्टमथ आणि कॅलटेक तर एपीलाही डिग्रीसाठी क्रेडिट देत नाहीत, तिथे क्लेपचा प्रश्नच नको.

उलट टोकाला फ्लोरिडा. राज्याच्या नियमानुसार सरकारी कॉलेजांना ठरावीक गुणांना ठरावीक कोर्सचं क्रेडिट द्यावं लागतं. एपी, आयबी, क्लेप सगळं धरून परीक्षांतून ४५ क्रेडिटपर्यंत मजल जाते, आणि कोर्स क्रमांक राज्यभर एकच असल्याने गोंधळ कमी. टेक्ससची मोठी सरकारी विद्यापीठंही क्लेप घेतात, पण तिथे एक खाच आहे. राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पदवीधराला गव्हर्न्मेंटचे सहा क्रेडिट तास लागतात, आणि त्यात टेक्ससची राज्यघटनाही येते. क्लेपची अमेरिकन गव्हर्न्मेंट परीक्षा फक्त संघराज्याचा भाग भागवते. एका परीक्षेत सहाही तास सुटले, असं धरून चाललेल्या मुलाला तीन तास पुन्हा वर्गात काढावे लागतात.

म्हणून पहिलं काम व्हाउचरचं नव्हे. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या पानावरचा क्लेपचा तक्ता उघडा आणि प्रत्येक विषयापुढे पाहा: किमान गुण किती, क्रेडिट किती, आणि कुठल्या कोर्स क्रमांकाचं. कोर्स क्रमांकाच्या जागी ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) लिहिलं असेल तर सावध व्हा. असं क्रेडिट एकूण बेरजेत दिसतं, पण कंप्युटर सायन्स किंवा इंजिनीअरिंगच्या आराखड्यात मोकळ्या इलेक्टिव्हना जागाच जेमतेम असते. मग ट्रान्सक्रिप्टवर २४ क्रेडिट असूनही एकही सेमिस्टर कमी होत नाही. पुढचा तक्ता मेजरचा (डिग्रीच्या मुख्य विषयाचा): त्या डिग्रीला कुठले सामान्य शिक्षणाचे कोर्स लागतात ते पाहून त्यांतले क्लेपने भागतील तेवढेच उचला. कॉलेज कॉम्पोझिशनच्या दोन आवृत्त्या आहेत, त्यांतली ‘मॉड्युलर’ बऱ्याच ठिकाणी चालत नाही. दोन निबंधांची पूर्ण आवृत्तीच द्यावी.

इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करायचा. तिथली चार वर्षं एकूण क्रेडिटमुळे लागत नाहीत, साखळीमुळे लागतात: कॅल्क्युलस एक, मग दोन, त्यावर फिजिक्स, त्यावर स्टॅटिक्स, त्यावर पुढचे विषय. क्लेपचं कॅल्क्युलस साखळीची पहिलीच कडी देतं. फिजिक्सची क्लेप परीक्षाच नाही. केमिस्ट्री आहे, पण तिच्यात प्रयोगशाळा नाही, आणि बऱ्याच इंजिनीअरिंग विभागांना प्रयोगशाळेसकट कोर्स लागतो. इथे एपी कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी क्लेपच्या कितीतरी पुढे आहेत. इंजिनीअरिंगच्या मुलाने क्लेप द्यावा तो इतिहास, इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी असल्या अटी आधीच उरकण्यासाठी. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये १५ऐवजी १२ क्रेडिटचा भार राहिला तर कॅल्क्युलस आणि फिजिक्सला वेळ मिळतो. डिग्री वर्षभर लवकर संपण्यापेक्षा हा फायदा जास्त खरा आहे.

एकाच विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. एपी सायकॉलॉजीत ४ असतील तर क्लेपचं सायकॉलॉजी वाया. एपी कॅल्क्युलसचं क्रेडिट असताना कॉलेज अल्जिब्रा दिलं तर बरीच विद्यापीठं खालच्या कोर्सचं क्रेडिट धरत नाहीत.

एपीशी तुलना करताना प्रवेश आणि क्रेडिट वेगळे ठेवायला हवेत. एपीचा वर्ग ट्रान्सक्रिप्टवर दिसतो आणि अभ्यासक्रम किती कडक घेतला हे प्रवेश अधिकारी त्यावरून पाहतात. क्लेप तिथे फारसा मोजला जात नाही. एपी सोडून क्लेप, हा सौदा प्रवेशाच्या दृष्टीने वाईट. पण एपीची परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्यात, आणि निकाल जुलैत. क्लेप वर्षभर. शाळेत विषय एपी पातळीवर नसेल, किंवा वेळापत्रकात बसला नसेल, तिथे क्लेप भोक बुजवतो.

ड्युअल एनरोलमेंटची ताकद वेगळी आहे: तो खरा कॉलेजचा कोर्स असतो, प्रयोगशाळेसकट, आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत त्याचं क्रेडिट सहसा नीट पोचतं. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस योजनेत सातवी ते बारावीच्या मुलांना सरकारी कॉलेजात ट्युशन आणि पुस्तकं दोन्ही मोफत, मात्र सहभागाचा इरादा १ एप्रिलपर्यंत शाळेला कळवायचा. मिनेसोटात अशी योजना १९८५पासून आहे. वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्टमध्ये ट्युशन माफ, पुस्तकं आणि इतर फी घरची. ज्यांच्या राज्यात हे उपलब्ध आहे त्यांनी लिहिण्याचे आणि प्रयोगशाळेचे विषय इथेच करावेत.

पण त्याची किंमत ग्रेडमध्ये चुकती होते. ड्युअल एनरोलमेंटचा ‘सी’ हा कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातो. मेडिकलला अर्ज करताना ॲमकास या सामाईक अर्जात हायस्कूलमधले कॉलेज कोर्सही द्यावे लागतात आणि त्यांचे ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरले जातात. लॉ स्कूलच्या अर्जातही तसंच. पंधराव्या वर्षी उन्हाळ्यात सहज म्हणून घेतलेला ऑनलाइन केमिस्ट्रीचा कोर्स बाविसाव्या वर्षी समोर उभा राहतो. क्लेपमध्ये ग्रेड नसतो. मिळालं तर क्रेडिट, नाही तर जीपीएला धक्का नाही. डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या मुलाने विज्ञानाचे विषय मात्र क्लेपने उरकू नयेत, मेडिकल स्कूलं ते वर्गात आणि प्रयोगशाळेत केलेले पाहतात. त्याच्यासाठी क्लेप सामाजिक शास्त्रांपुरता.

आणखी एक गोष्ट पालकांना झटका देते. मूल कॉलेजात दाखल झालं की त्या कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने मुलाकडे जातो, वय पंधरा असलं तरी. प्रोफेसरला फोन करून चौकशी करायला गेलेल्या आई-बाबांना नम्रपणे परत पाठवलं जातं. मेल मुलालाच करावी लागते, कोर्स सोडायची शेवटची तारीखही त्यालाच पाहावी लागते. क्लेपमध्ये हा संसार नाही.

एच-४वरच्या मुलांना तिन्ही रस्ते खुले आहेत, अभ्यासासाठी वेगळी परवानगी लागत नाही. २१व्या वर्षी एच-४ संपतो आणि बऱ्याचदा तो दिवस कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येतो. त्यानंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फी आणि नियम बदलू शकतात. अशा घरात आधी उरकलेल्या प्रत्येक सेमिस्टरचा अर्थ इतरांपेक्षा मोठा असतो. तेव्हा डिग्रीत बसणारी क्रेडिट आणि न बसणारी यांची छाननी तिथे आणखी कडक हवी.

आमचं मत: फ्लोरिडा, टेक्सस किंवा क्लेप स्पष्टपणे मानणाऱ्या सरकारी विद्यापीठाकडे जाणाऱ्या मुलासाठी या जोडीला पाचपैकी साडेचार. कॅल स्टेटसाठी चार. यूसी किंवा निवडक खासगी विद्यापीठांकडे डोळे लावलेल्यांसाठी एक, तोही स्पॅनिश चाचपून पाहण्याचा.

वेळ कधीची निवडायची हे विषय ठरवतो. शाळेत केमिस्ट्री किंवा अमेरिकेचा इतिहास जूनमध्ये संपला की दोन-तीन आठवड्यांत परीक्षा द्यावी, ऑगस्टपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. एपीत मे महिन्यात २ मिळाल्याचं जुलैत कळलं तर त्याच विषयाचा क्लेप ऑगस्टमध्ये देता येतो, तयारी बरीचशी झालेलीच असते. एकदा दिलेली क्लेप परीक्षा तीन महिन्यांच्या आत पुन्हा देता येत नाही. दिली तर गुण रद्द होतात. बारावीच्या मुलाने म्हणून पहिला प्रयत्न फेब्रुवारीच्या आत करावा. मग चुकला तरी मे महिन्यात दुसरा बसतो, आणि उन्हाळ्यातल्या ओरिएंटेशनला कोर्स निवडताना क्रेडिट डिग्री ऑडिटमध्ये (डिग्रीच्या कुठल्या अटी पुऱ्या झाल्या याच्या यादीत) दिसत असतं. दिसत नसेल तर त्याच दिवशी ॲडव्हायझरला गुणपत्रक दाखवायचं. एकदा तो कोर्स वर्गात सुरू झाला की क्लेपचं क्रेडिट बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.